वाकडे शेपूट सरळ करू नका!



साध्या लंबकाच्या साहाय्याने गुरुत्व त्वरण काढण्याचा प्रयोग तुमच्यापैकी काहींनी केला असेल. ज्यांनी केला नसेल ते एकदोन वर्षांत करतील. दोऱ्याला धातूचा गोळा टांगायचा, वीस आंदोलनांना लागणारा वेळ मोजायचा, सूत्रात किमती घालायच्या आणि उत्तर काढायचे. दोरा थोडा ताणला जातो, घड्याळाचे बटण कधी लवकर तर कधी उशिरा दाबले जाते, पंख्याच्या वाऱ्याने गोळा भलतीकडेच हेलकावतो. इतके सगळे होऊनही वर्गातल्या जवळजवळ प्रत्येक वहीत उत्तर मात्र बरोबर ९.८ येते! मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. अशा वह्या तपासताना मला नेहमी वाटते, की हे उत्तर लंबकाने दिलेले नसून पाठ्यपुस्तकाने दिले आहे.

यात मोठेसे काय बिघडले, असे तुम्ही विचाराल. त्याचे उत्तर देण्यासाठी मी मुद्दाम माझ्या विषयाबाहेरचे उदाहरण घेणार आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या समुद्री सरीसृपांवर गेली दोनशेहून अधिक वर्षे संशोधन चालू आहे. त्या संशोधनात माणसे कोठे चुकली आणि कशी सुधारली, हे हाडांच्या रूपाने डोळ्यांना दिसते. लंबकाच्या वहीतली खाडाखोड मात्र पुसली की पुसली.

प्रथम या प्राण्यांची ओळख करून घेऊ. पुष्कळजण त्यांना डायनोसॉर म्हणतात, पण ते डायनोसॉर नव्हेत. जमिनीवरच्या सरीसृपांचे काही निरनिराळे वंश वेगवेगळ्या काळी समुद्रात उतरले आणि तेथेच राहिले. त्यांतले तीन प्रमुख. डॉल्फिनसारख्या आकाराचे इक्थिओसॉर. हे साधारण २५ कोटी ते ९ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात होते. चार वल्ह्यांसारखे पाय असलेले प्लेसिओसॉर. त्यांतल्या अनेकांची मान फार लांब असे. आणि घोरपडीच्या गोत्रातले प्रचंड मोसासॉर. शेवटचे दोन गट ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, डायनोसॉरांच्याच बरोबर, नाहीसे झाले.

मोसासॉरची कथा हॉलंडमधील मास्ट्रिख्ट गावी सुरू होते. तेथील चुनखडीच्या खाणीत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचंड जबड्यांची एक कवटी मिळाली. हॉफमन नावाच्या सर्जनला ती मगरीची वाटली. पेट्रुस कांपर या नामांकित शरीरशास्त्रज्ञाने १७८६ मध्ये ती दात असलेल्या देवमाशाची ठरवली. १७९४ मध्ये फ्रेंच सैन्याने ते शहर जिंकले आणि कवटी पॅरिसला गेली. पुढे पेट्रुसचा मुलगा आड्रियान याने वडिलांचे मत बाजूला ठेवून हाडे पुन्हा पाहिली. हा प्राणी मगर नव्हे आणि देवमासाही नव्हे, तर घोरपडीच्या जातीचा अवाढव्य सरडा आहे, असे त्याने सांगितले. १८०८ मध्ये पॅरिसच्या जॉर्ज क्यूव्हिएने हे मत उचलून धरले. मोसासॉरस हे नाव मिळायला मात्र १८२२ साल उजाडले. एकाच कवटीबद्दल तीन मते झाली. त्यांतले टिकले ते सर्वांत थोर माणसाचे नव्हे, तर हाडांशी सर्वांत जास्त जुळणारे.

आता इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाइम रेजिस या गावी जाऊ. तेथील कडे गाळाच्या थरांचे आहेत. पावसाळी हवेत आणि वादळात ते ढासळतात आणि आतले जीवाश्म उघडे पडतात. रिचर्ड ॲनिंग नावाचा एक सुतार असे जीवाश्म वेचून प्रवाशांना विकत असे. १८१० मध्ये तो वारला आणि घरात दारिद्र्य आले. १८११ मध्ये त्याचा मुलगा जोसेफ याला सुमारे चार फूट लांबीची एक कवटी सापडली. पुढच्या वर्षी, म्हणजे बारा-तेरा वर्षांची असताना, त्याची बहीण मेरी हिने त्याच प्राण्याचा उरलेला सांगाडा शोधून काढला.

हा प्राणी कोणता? एव्हरार्ड होम या लंडनच्या सर्जनने १८१४ पासून त्यावर निबंधांमागून निबंध लिहिले. कधी त्याला तो माशांच्या जवळचा वाटला, तर कधी आणखी कोणाच्या. शेवटी १८१९ मध्ये त्याने त्याला प्रोटिओसॉरस असे नाव दिले. ते टिकले नाही. ब्रिटिश म्युझियममधील केनिग याने सुचवलेले इक्थिओसॉरस, म्हणजे ‘मत्स्य-सरडा’, हेच नाव रूढ झाले.

मेरी ॲनिंगचे शालेय शिक्षण बेताचेच होते. पण ती शास्त्रीय निबंध मिळवून वाचत असे. दगडातला प्राणी समजावा म्हणून ताजे मासे आणि माकूल कापून आतली रचना पाहत असे. इक्थिओसॉरच्या पोटाच्या जागी सापडणारे काही गोल दगड फोडले, की त्यांत माशांची हाडे आणि खवले दिसतात, हे तिच्या नजरेत आले. विल्यम बकलंड यांनी १८२९ मध्ये ती त्या प्राण्यांची अश्मीभूत विष्ठा असल्याचे मांडले. लाखो लोकांनी तुच्छ म्हणून फेकून दिली असती अशा वस्तूतून एका नामशेष प्राण्याचे जेवणाचे ताट उलगडले!

१८२३ च्या डिसेंबरात मेरीला प्लेसिओसॉरचा जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला. त्याची मान विलक्षण लांब होती. मणके ३५ च्या आसपास. सस्तन प्राण्यांत जिराफाच्या मानेतही फक्त ७ मणके असतात आणि बहुतेक सरड्यांच्या मानेत ८. क्यूव्हिएने चित्र पाहिले आणि शंका घेतली. ही मान दुसऱ्याच प्राण्याची तर नाही? कोणी दोन सांगाडे जोडून तर ठेवले नाहीत? शंका अयोग्य नव्हती, कारण असे उद्योग करणारे लोक होतेच. पण त्या शंकेवर मेरीच्या प्रामाणिकपणाचा आणि तिच्या पोटापाण्याचा प्रश्न लटकत होता. शेवटी सांगाडाच बारकाईने तपासला गेला. १८२४ च्या फेब्रुवारीत लंडनच्या भूशास्त्र संस्थेत विल्यम कॉनिबेअर यांनी त्याचे वर्णन सादर केले. मान खरी होती. क्यूव्हिएने ते मान्य केले. त्या सभेत मेरीचे नाव मात्र उच्चारले गेले नाही. त्या संस्थेने स्त्रियांना सदस्यत्व दिले ते १९१९ मध्ये. तोपर्यंत मेरीला जाऊन ७२ वर्षे झाली होती.

क्यूव्हिएने शंका घेतली, तपास झाला आणि त्याने मत बदलले. ही शंका घेण्याची योग्य रीत होय. आता अयोग्य रीतीची दोन उदाहरणे पाहा.

पहिले अमेरिकेतले. कॅन्ससमध्ये मिळालेल्या एका प्लेसिओसॉरचे वर्णन एडवर्ड कोप या अत्यंत हुशार शास्त्रज्ञाने १८६९ च्या सुमारास केले आणि त्याला इलास्मोसॉरस हे नाव दिले. सरड्याची मान आखूड आणि शेपूट लांब असते, हे त्याच्या मनात पक्के होते. म्हणून हाडांच्या लांबलचक माळेला त्याने शेपूट मानले आणि कवटी बसवली दुसऱ्या टोकाला, म्हणजे खऱ्या शेपटीवर! १८७० मध्ये जोसेफ लायडी यांनी ही उलटापालट दाखवून दिली. कोपने छापलेल्या प्रती परत गोळा करण्याचा प्रयत्न केला, पण सगळ्या काही परत येत नाहीत. ज्या मानेला त्याने शेपूट मानले, तिच्यात ७२ मणके होते. लाइम रेजिसची लांब मान यापूर्वी चाळीसएक वर्षे छापील स्वरूपात उपलब्ध होती, हे लक्षात घ्या.

दुसरे उदाहरण इंग्लंडमधले. टॉमस हॉकिन्स नावाचा एक संग्राहक मोठमोठे सांगाडे जमवत असे. १८३४ मध्ये ब्रिटिश म्युझियमने त्याचा संग्रह विकत घेतला. सांगाडे पाहावेत तर एक हाड कमी नाही, एक बोट तुटलेले नाही. नंतर लक्षात आले, की पुष्कळ भाग प्लॅस्टरचे आहेत. जेथे हाड नव्हते तेथे हॉकिन्सने ते ‘असायला हवे’ म्हणून बनवून बसवले होते. सांगाडा देखणा झाला, पण कोणता भाग प्राण्याचा आणि कोणता हॉकिन्सचा, हे कळेनासे झाले. आता सांगा, ९.८ हे उत्तर आधी लिहून मग त्याला जुळतील अशी निरीक्षणे मागून भरणारा विद्यार्थी आणि हॉकिन्स यांच्यात फरक तो कितीसा?

पण मला सर्वांत जास्त शिकवून जाणारी गोष्ट आहे ती इक्थिओसॉरच्या शेपटीची. सुरुवातीच्या चित्रांत ही शेपटी सरळ, मगरीसारखी दाखवीत. सांगाड्यांत मात्र पाठीचा कणा शेवटी शेवटी एकदम खाली वाकलेला दिसे. रिचर्ड ओवेन यांनी १८३८ मध्ये या वाकण्याकडे लक्ष वेधले. किती तरी सांगाड्यांत कणा जवळपास त्याच जागी वाकला आहे, हे त्यांनी टिपले. त्यावरून तेथे मोठा पर असावा हे त्यांनी बरोबर ओळखले. येथवर त्यांना पैकीच्या पैकी गुण. पण पुढे त्यांनी असे मानले, की जिवंतपणी कणा सरळ होता, आणि मेल्यानंतर परामुळे तो त्या जागी मोडून लटकला. म्हणजे वाकडेपणा हा प्राण्याचा नव्हे, प्रेताचा!

या मताला वजन होते. १८५४ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या बागेत नामशेष प्राण्यांच्या प्रचंड प्रतिकृती ओवेन यांच्या सल्ल्याने उभारल्या गेल्या. तेथल्या इक्थिओसॉरला पाठीवर पर नाही आणि शेपटीला चंद्रकोरीचा आकारही नाही. त्या प्रतिकृती आजही पाहता येतात. पुढे जर्मनीत होल्त्समाडेन येथील सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या पातळ थरांच्या काळ्या खडकात असे इक्थिओसॉर मिळाले, की ज्यांच्या हाडांभोवती कातडीची काळसर रूपरेषा उमटलेली होती. १८९२ मध्ये एबरहार्ड फ्रास यांनी तिचे वर्णन प्रसिद्ध केले. पाठीवर त्रिकोणी पर होता. शेपटी चंद्रकोरीसारखी उभी होती, आणि वाकलेला कणा तिच्या खालच्या पात्यात नीट बसला होता. वरच्या पात्यात हाड मुळीच नव्हते. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच, अशी आपल्याकडे म्हण आहे. इक्थिओसॉरचे शेपूटही वाकडे ते वाकडेच होते, आणि ते तसेच असायला हवे होते. त्या वाकण्यावरच त्याचे पोहणे अवलंबून होते. जी गोष्ट बिघाड म्हणून बाजूला सारली गेली, तीच त्या प्राण्याचे इंजिन होती.

येथे एक सावधगिरीची सूचना. प्रत्येक वेगळे निरीक्षण म्हणजे शोध, असे समजू नका. बहुतेक वेळा ती आपली चूकच असते. मग ओळखायचे कसे? ओवेन यांचे टिपण पुन्हा आठवा. वाकणे एकाच सांगाड्यात असते तर तो अपघात म्हणता आला असता. ते अनेक सांगाड्यांत आणि ठरावीक जागी होते. जी विसंगती पुन्हा पुन्हा, त्याच ठिकाणी, त्याच दिशेने येते, ती काहीतरी सांगत असते.

हेच आता लंबकाला लावून पाहू. समजा, टांगणीपासून गोळ्याच्या केंद्रापर्यंतचे अंतर बरोबर १ मीटर आहे. पण विद्यार्थ्याने लांबी गोळ्याच्या कडीपर्यंतच मोजली आणि २ सेंटिमीटर कमी धरली. त्याचे उत्तर ९.८ ऐवजी ९.६ येईल. दोरा आखूड केला तर ते आणखी कमी येईल; चूक नेहमी एकाच दिशेने. आता त्याने खाडाखोड न करता निरनिराळ्या लांबीसाठी आवर्तकालाचा वर्ग आणि लांबी यांचा आलेख काढला, तर रेषा सरळच येईल, पण आरंभबिंदूतून जाणार नाही. लांबीच्या अक्षाला ती शून्याच्या अलीकडे २ सेंटिमीटरवर छेदेल. म्हणजे आपण नेमके किती मोजायचे विसरलो, हे लंबकच सांगेल! शिवाय रेषेच्या चढावरून काढलेले उत्तर ९.८ च येईल. ज्याने ९.६ पुसले, त्याने ही सारी गंमत पुसली.

म्हणून माझे मत असे, की दोष एकट्या विद्यार्थ्यांचा नाही. आपण शिक्षक प्रात्यक्षिकाचे गुण बहुधा उत्तर पुस्तकाला किती जवळ आहे यावर देतो. मग मुलेही शेपटी सरळ करूनच आणणार. परीक्षेत शेकडो वह्या तपासायच्या असतात, प्रत्येकाच्या चुकीचा माग काढायला वेळ कोठून आणायचा, ही शिक्षकांची अडचण खरी आहे. पण एक गोष्ट वेळ न घालवता करता येईल. प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी ‘उत्तर अपेक्षेपेक्षा वेगळे का आले असावे?’ असा एक प्रश्न ठेवावा आणि त्याला उत्तराइतकेच गुण द्यावेत. मूळ निरीक्षण पेनने लिहावे आणि ते खोडायचे झाले तर एकच रेघ मारावी, म्हणजे खालचा आकडा वाचता येतो. ९.६ लिहून कारण शोधणाऱ्याला ९.८ उतरवून घेणाऱ्यापेक्षा कमी गुण मिळता कामा नयेत.

हे सगळे जुन्या काळचे झाले, असेही समजू नका. सरीसृप म्हटले की थंड रक्ताचा, अशी आपली समजूत. २०१० मध्ये फ्रेंच संशोधकांनी ती गृहीत न धरता मोजून पाहायचे ठरवले. दातातल्या ऑक्सिजनच्या दोन समस्थानिकांचे प्रमाण, दात तयार होताना शरीराचे तापमान किती होते यावर अवलंबून असते. त्याच थरांत सापडलेल्या माशांचे दात समुद्राचे तापमान सांगतात, कारण बहुतेक माशांचे शरीर पाण्याइतकेच गरम असते. दोहोंची तुलना केली, तेव्हा इक्थिओसॉर आणि प्लेसिओसॉर यांचे शरीर ३५ ते ३९ अंश सेल्सिअस इतके उबदार असावे, असे निघाले. तसेच प्लेसिओसॉरला चार वल्ही कशाला हवीत, या जुन्या कोड्यासाठी २०१७ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी कृत्रिम वल्ही बनवून पाण्याच्या टाकीत हलवून पाहिली. पुढच्या वल्ह्यांनी निर्माण केलेल्या भोवऱ्यांत मागची वल्ही योग्य वेळी हलली, तर त्यांचा रेटा ६० टक्क्यांपर्यंत वाढतो, असे दिसले. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनाही या प्राण्यांत काम आहे, ते असे.

आपल्या देशातही या प्राण्यांचे अवशेष आहेत. महाराष्ट्राचा बहुतेक भाग लाव्हारसापासून झालेल्या काळ्या पाषाणाचा असल्याने तेथे त्यांची आशा धरू नये. पण तिरुचिरापल्लीकडच्या खडकांतील काही मणक्यांवरून रिचर्ड लायडेकर यांनी १८७९ मध्येच भारतीय इक्थिओसॉरची नोंद केली होती. आणि २०१७ मध्ये गुजरातेत कच्छमधील लोडाई गावाजवळ मिळालेल्या, सुमारे साडेपाच मीटर लांबीच्या एका इक्थिओसॉरचे वर्णन प्रसिद्ध झाले. ज्युरासिक काळातला हा भारतातला पहिला इक्थिओसॉर. दिल्ली विद्यापीठातील प्रा. गुंटुपल्ली प्रसाद आणि त्यांच्या भारतीय व जर्मन सहकाऱ्यांनी हे काम केले.

या सांगाड्याचे काही भाग जपले गेलेले नाहीत. संशोधकांनी त्याचे कूळ ठरवले, ऑफ्थाल्मोसॉरिडी. पण त्याला नव्या जातीचे नाव मात्र दिले नाही. देशातला पहिला ज्युरासिक इक्थिओसॉर हाती असताना त्याला एक भारदस्त नाव देऊन टाकण्याचा मोह कोणालाही झाला असता. जेवढी हाडे आहेत तेवढेच बोलायचे आणि उरलेली जागा रिकामी ठेवायची, हे त्यांनी पसंत केले. हॉकिन्सने अशाच जागा प्लॅस्टरने भरल्या होत्या. कच्छच्या त्या टेकड्यांत उद्या आणखी एखादा सांगाडा मिळेल, आणि ती रिकामी जागा भरायला कदाचित तुमच्यापैकीच कोणीतरी तेथे असेल.